डोक्यावरून गेलेली वीज

आमच्या घरावरून वीज जायची. घरात यायची नाही. वाचकांनी हे वाक्य अलंकार म्हणून घेऊ नये. बोईसर स्टेशनाच्या पूर्वेला, डोंगराच्या बाजूला, आमचे गाव. गावाचे नाव सांगत नाही. सांगितले तरी तालुक्याबाहेर ते कुणाला ओळखू येणार नाही. माझा जन्म १९८० सालचा. मला कळू लागले तेव्हापासून आमच्या शेताच्या बांधावर एक उंच लोखंडी मनोरा उभा होता. त्याच्या पुढे दुसरा, त्याच्या पुढे तिसरा, अशी ती रांग समुद्राकडून येई आणि डोंगराआड दिसेनाशी होई. पावसाळ्याच्या दिवसांत हवा दमट झाली, की तारा गुणगुणत. आजी पडवीत वाती वळीत बसलेली असे. ती मान वर न करता म्हणायची, "ऐकतोस ना रे? लाईट चालली मुंबईला."

समुद्राच्या बाजूला, आमच्यापासून वीसएक किलोमीटरवर, तारापूरचे अणुवीज केंद्र. हिंदुस्थानातले, आणि जपान सोडला तर आशिया खंडातले, घराघरांत वीज पुरवणारे ते पहिले केंद्र. आणि आमच्या घरी कंदील.

अण्णांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, किराणा मालाचे दुकान होते आणि ते मुख्यतः रॉकेलवर चाले. दिवाळीला आकाशकंदील लागे, पण त्यात पणती. वाऱ्याने ती कलली, की पतंगाचा कागद भुरकन पेटे. दर दिवाळीला गावात एकदोन आकाशकंदिलांची अशी राख व्हायचीच. १९८८ साली, मी आठ वर्षांचा असताना, दसऱ्यानंतर आमच्या आळीत खांब आले. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या रात्री दिवा लागला. सगळे घर वर पाहत होते. आजीने दिव्याला नमस्कार केला आणि अण्णांकडे वळून विचारले, "आता तुझं रॉकेल कोण घेणार?" अण्णा हसले नाहीत.

हे सगळे आठवायला एक कारण झाले. मी शाळेत चित्रकला शिकवतो. चित्रकलेच्या परीक्षा वगळल्या तर माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. पदार्थविज्ञान आणि मी यांनी एकमेकांचा निरोप पंधराव्या वर्षीच घेतला. चार कादंबऱ्या लिहिल्या, त्यांतही यंत्र म्हणून काही असेल तर एक एस. टी. दोन वर्षांपूर्वी विज्ञानाचे शिक्षक रजेवर होते, म्हणून नववीच्या वर्गावर मला पाठवले. धडा ऊर्जेचा होता. मी फळ्यावर अणुभट्टीचे चित्र काढले. चित्र चांगले जमले. तेवढ्यात तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उठली आणि म्हणाली, "सर, हे एवढं महागाचं आणि धोक्याचं काम आपल्यासारख्या गरीब देशानं काढलंच कशाला?"

मला उत्तर आले नाही. "पुढच्या तासाला सांगतो," असे म्हणून वेळ मारून नेली. तो पुढचा तास आज येतो आहे, असे समजा. मधल्या काळात मिळेल ते वाचले; समजले तेवढे सांगतो.

गोष्ट तारापूरला सुरू होत नाही. १९४४ सालच्या एका पत्रात सुरू होते. होमी जहांगीर भाभा हे तेव्हा चौतिशीत होते. केंब्रिजला नाव कमावलेला हा तरुण शास्त्रज्ञ १९३९ साली सुटीवर घरी आला, तेवढ्यात युद्ध पेटले आणि तो इथेच अडकला. बंगलोरच्या संस्थेत रामन यांच्या हाताखाली काम करू लागला. माणूस मोठा रसिक: चित्रे काढी, पाश्चात्य संगीत ऐके. पुढे त्यांनी उभारलेल्या संस्थेच्या भिंतींवर हुसेनांसारख्यांची चित्रे लागली ती त्यांच्याच आवडीने. चित्रकलेच्या मास्तराला एवढा पक्षपात क्षम्य असावा.

१२ मार्च १९४४ रोजी भाभांनी सर दोराबजी टाटा विश्वस्त निधीला पत्र लिहिले आणि मूलभूत पदार्थविज्ञानाची एक संस्था काढायला पैसा मागितला. त्यात त्यांनी एक कारण दिले होते. अणूपासून वीज करण्याची विद्या आणखी वीसएक वर्षांनी जगाला साधेल. तेव्हा या देशाला तज्ज्ञांसाठी परदेशाच्या तोंडाकडे बघावे लागू नये, ते घरचे तयार असावेत, अशा अर्थाचे ते कारण. तारीख नीट पाहावी. हिरोशिमावर बाँब पडला ऑगस्ट १९४५ मध्ये, म्हणजे सतरा महिन्यांनंतर. जगातल्या बहुतेक माणसांनी अणुशक्ती हा शब्दही ऐकला नव्हता, देश पारतंत्र्यात होता, बंगालातला दुष्काळ अजून पुरता सरला नव्हता. आणि हा गृहस्थ अणूच्या विजेसाठी माणसे तयार करायची म्हणतो! टाटांनी पैसा दिला हे त्याहून आश्चर्य. १९४५ साली संस्था बंगलोरला सुरू झाली, त्याच वर्षअखेर मुंबईला पेडर रोडवरच्या 'केनिलवर्थ' नावाच्या बंगल्यात आली. भाभांच्या नातेवाइकांचे ते घर.

आता गरीब देशाकडे पाहू. स्वातंत्र्य मिळाले त्या वर्षी अवघ्या हिंदुस्थानची वीज निर्माण करण्याची शक्ती होती १,३६२ मेगावॅट. पाच लाखांवर खेडी, आणि वीज पोचलेली सुमारे दीड हजार. त्यातल्या त्यात मुंबई भाग्यवान. टाटांनी सह्याद्रीच्या माथ्यावर पावसाचे पाणी अडवले, ते नळांतून खाली सोडले आणि खोपोलीला १९१५ साली, भिवपुरीला १९२२ साली, भिऱ्याला १९२७ साली वीज केली. मुंबईच्या गिरण्या त्या पाण्यावर फिरत. पण सह्याद्रीच्या कड्यांना आणि पावसालाही मर्यादा आहे. बाकीचा देश लाकूड, शेणी आणि बैल यांच्या बळावर जगत होता. भाभांच्या भाषणांत शेणीचा उल्लेख येई. शेत ज्याने पिकायचे ते खत आम्ही चुलीत घालतो, ही गोष्ट या पारशी साहेबाच्या ध्यानात होती.

१९५५ च्या ऑगस्टमध्ये जिनिव्हाला अणूच्या शांततामय उपयोगासंबंधी पहिली मोठी जागतिक परिषद भरली आणि तिचे अध्यक्षपद भाभांकडे आले. स्वतंत्र होऊन आठ वर्षे झालेल्या देशाचा माणूस त्या खुर्चीवर! त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की मागासलेले देश श्रीमंत देशांइतकी वीज वापरू लागले तर पृथ्वीच्या पोटातला कोळसा आणि तेल फार दिवस पुरणार नाही. म्हणून अणूची गरज श्रीमंतांपेक्षा गरिबांना अधिक. त्याच भाषणात त्यांनी आणखी एक भविष्य सांगितले: सूर्याच्या पोटात जसे अणू जुळतात तशी जुळणी करून वीज काढण्याची रीत वीस वर्षांत सापडेल. सत्तर वर्षे झाली, अजून सापडलेली नाही. मोठ्या माणसांची भविष्ये चुकली, की मला थोडा धीर येतो.

कोळशाचा मुद्दा मात्र मी फळ्यावर मांडून पाहिला आहे. तारापूरचे मूळचे दोन संच मिळून ४२० मेगावॅटचे. रात्रंदिवस पुऱ्या ताकदीने चालले तर दिवसाला एक कोटी युनिट. कोळशाच्या केंद्रात एका युनिटाला पाऊण किलोच्या आसपास कोळसा जळतो. म्हणजे रोज सात-साडेसात हजार टन. त्या काळच्या मालगाडीच्या डब्यात वीसबावीस टन मावत; म्हणजे रोज साडेतीनशेच्या आसपास डबे, आणि तेही झरिया-राणीगंजहून, दीड हजार किलोमीटरहून लांबून. विदर्भात कोळसा आहे, पण चांद्याहून मुंबईही आठनऊशे किलोमीटर. रेल्वे तेव्हा गव्हाच्याच गाड्या वेळेवर पोचवताना मेटाकुटीला येई. उलट, युरेनियमचा जो भाग फुटतो, त्यातला एक किलो पुरता फुटला तर अडीचतीन हजार टन कोळशाची उष्णता देतो. इंधन एकदा भरले की महिनोगणती बघायला नको. मुलांना मी सांगितले, भट्टी म्हणजे न्हाणीघरातला बंबच. खाली निखारे, मध्ये पाणी, वर वाफ. तारापूरच्या जुन्या संचांत तर निखारा पाण्यातच बसवलेला असतो, पाणी तिथेच उकळते आणि तीच वाफ चाक फिरवते. फरक एवढाच, की या बंबाची राख हजारो वर्षे निवत नाही. वर्गात तेव्हा कुणी बोलले नाही.

दुसरा मुद्दा थोरियमचा, आणि तो खरा भाभांचा. आपल्याकडे युरेनियम थोडे. पण केरळ आणि तमिळनाडूच्या किनाऱ्यांवरच्या काळसर वाळूत थोरियम अमाप. थोरियम आपण होऊन पेटत नाही. दुधाचे दही आपोआप होत नाही, विरजण लागते, तसे. म्हणून भाभांनी १९५४ साली तीन पायऱ्या आखल्या. आधी साधे युरेनियम जाळायचे, त्यातून प्लुटोनियम नावाचे विरजण मिळवायचे. दुसऱ्या पायरीला त्या विरजणावर अशा भट्ट्या चालवायच्या, की त्यांत जळते त्याहून जास्त तयार होईल. आणि तिसऱ्या पायरीला थोरियमचे दही लावायचे. घरचा माल, घरची विद्या, शेकडो वर्षांची बेगमी. कल्पना इतकी सुंदर, की तिच्यावर लुब्ध न होणे कठीण. तिसरी पायरी अजून दूर आहे. दुसऱ्या पायरीची मोठी भट्टी कल्पक्कमला २००४ साली बांधायला घेतली. तिच्यावर वीस वर्षे गेली.

या सुंदर कल्पनेला त्या काळीही विरोध झाला, आणि तो करणारे लुंगेसुंगे नव्हते. मेघनाद साहांनी १९५४ साली लोकसभेत तक्रार केली, की हे काम गुप्ततेच्या पडद्याआड चालले आहे आणि विद्यापीठांना त्यात वाव नाही. १९५८ साली लिटल नावाच्या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने मुंबईच्याच 'इकॉनॉमिक वीकली'त भाभांचा हिशेब तपासला. त्याचे म्हणणे वाण्याच्या मुलाला पटकन कळण्यासारखे होते: गरीब देशाकडे कमी काय, तर भांडवल, आणि अणुकेंद्राला लागते काय, तर सगळ्यात आधी भांडवल. त्याच पैशात कोळशाची वीज कितीतरी जास्त होईल. अण्णा असते तर त्यांनी लिटलच्या बाजूने मान डोलावली असती.

पण मला सगळ्यात मोह पडतो तो तिसऱ्या विरोधकाचा. दामोदर धर्मानंद कोसंबी. गोव्याचा जन्म, बौद्ध धर्माचे थोर अभ्यासक धर्मानंदांचे चिरंजीव, गणिती, आणि पुढे प्राचीन भारताच्या इतिहासाला नवी दृष्टी देणारे. खुद्द भाभांनीच त्यांना आपल्या संस्थेत गणितासाठी बोलावून घेतले होते. कोसंबी पुण्याला राहत आणि डेक्कन क्वीनने मुंबईला जाऊन येऊन नोकरी करीत. गाडीत बसून हा माणूस नाण्यांचा, लेण्यांचा, भर्तृहरीच्या पाठभेदांचा विचार करी. आणि बोरघाट उतरताना बाहेर पाहून त्याला वाटत असेल, एवढे ऊन पडले आहे, ते कुणीच कसे वापरत नाही? वाटत असेल म्हणतो. हा माझा कादंबरीकाराचा चाळा. पण जुलै १९६० मध्ये पुण्याच्या रोटरी क्लबात त्यांनी जे व्याख्यान दिले, ते कल्पनेतले नव्हे. आपल्या देशाला अणूपेक्षा सूर्य परवडेल, असे त्यांनी तिथे मांडले. ऊन फुकट, ऊन सगळीकडे, ऊन खेड्यात आधी पडते; त्याला मैलोगणती तारा ओढाव्या लागत नाहीत. आणि हे बोलणारा माणूस तेव्हा भाभांच्याच संस्थेत पगार घेत होता. १९६२ नंतर त्यांची तिथली नेमणूक पुढे चालू ठेवण्यात आली नाही. कारणे अनेक सांगतात. मी त्यात पडत नाही.

आमच्या आजीचे वाक्य आणि कोसंबींचे व्याख्यान शेजारी ठेवले, की मला गंमत वाटते. दोघांची तक्रार तारांबद्दलच होती.

मग खरे कोण? २०२५ साली देशातल्या सौर विजेची क्षमता एक लाख मेगावॅट ओलांडून पुढे गेली होती. अणुविजेची नऊ हजारांच्याही आत होती, आणि देशाच्या एकूण विजेत तिचा वाटा जेमतेम तीन टक्के. केवळ आकड्यांवर निकाल द्यायचा तर कोसंबी जिंकले. पण १९६० साली उन्हाची वीज करणारी काचेची ताटली प्रयोगशाळेतून नुकती बाहेर आली होती आणि तिची किंमत सोन्याच्या भावाने मोजण्यासारखी होती. त्या वर्षी गिरणी चालवायला ऊन उपयोगाचे नव्हते. सूर्याबद्दल कोसंबींचे बरोबर होते, पण पन्नास वर्षे आधी. अणूबद्दल भाभांचे काय, ते तारापूरला गेल्याशिवाय सांगता येत नाही.

मधल्या काळातले एक वाक्यात सांगतो: ४ ऑगस्ट १९५६ रोजी तुर्भ्याला 'अप्सरा' ही आशियातली, रशिया वगळता, पहिली भट्टी पेटली; आपल्या माणसांनी बांधलेली, इंधन मात्र ब्रिटनचे. पाण्याच्या हौदात बसवलेल्या त्या भट्टीभोवती जी निळी प्रभा दिसते, तिच्यावरून नेहरूंनी ते नाव दिले. तसला निळा रंग पेटीत मिळत नाही. मी शोधला आहे.

आता तारापूर. खाडीजवळचे जुने बंदर, पोर्तुगीजांचा किल्ला. १७३९ च्या जानेवारीत चिमाजी आप्पांच्या फौजेने तो घेतला. आजूबाजूला मच्छीमारांची गावे, जरा वर डहाणूकडे चिकूच्या वाड्या. १९६० साली इथल्या केंद्रासाठी जगभरातून निविदा मागवल्या. त्याच वर्षी १ मे रोजी मुंबई राज्याचे दोन तुकडे झाले होते आणि ही जागा बरोबर दोन्ही तुकड्यांच्या मध्ये पडली. एका बाजूला मुंबईच्या गिरण्या, दुसऱ्या बाजूला गुजरातच्या. दोन्हीकडे कोळसा लांब. भट्टी थंड करायला समुद्र जवळ. भांडून वेगळ्या झालेल्या दोन राज्यांनी वीज मात्र वाटून घेतली, आणि अजून घेतात.

इथे भाभांनी स्वतःच्याच सिद्धान्ताला मुरड घातली. त्यांची पहिली पायरी होती साध्या युरेनियमची, म्हणजे घरच्या इंधनाची. तारापूरला घेतली ती अमेरिकन भट्टी, जनरल इलेक्ट्रिक कंपनीची. तिला लागते शुद्ध करून कस वाढवलेले युरेनियम, आणि ते तेव्हा आपल्याला करता येत नव्हते. कारण उघड आहे. अमेरिकेने आठ कोटी डॉलरचे कर्ज स्वस्त व्याजाने दिले, आणि कंपनीने तयार केंद्र उभारून हातात किल्ली द्यायचे कबूल केले. ऑगस्ट १९६३ मध्ये दोन सरकारांचा करार झाला: तीस वर्षे इंधन अमेरिका देईल आणि आम्ही तिच्याकडूनच घेऊ. गरिबाच्या घरी उधारीचे खाते उघडले, की सामान भारी येते. पण दुकान मग तेच.

मे १९६४ मध्ये कंपनीशी करार झाला. त्याच महिन्यात नेहरू गेले. २४ जानेवारी १९६६ रोजी भाभांचे विमान आल्प्समध्ये माँ ब्लाँ शिखरावर आपटले. त्याच वर्षी जूनमध्ये पुण्याला कोसंबी वारले. वाद घालणारे दोघेही, एकाचे वय छप्पन्न, दुसऱ्याचे अठ्ठावन्न, तारापूरचा दिवा लागायच्या आत निघून गेले. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला भूकंप झाला, तिथली वीज थांबली आणि मुंबईतली यंत्रेही. पाण्याच्या एका केंद्रावर सगळी मदार ठेवली तर काय होते, हे त्या दिवशी कळले. फेब्रुवारी १९६९ मध्ये तारापूरची भट्टी पेटली. २८ ऑक्टोबर १९६९ रोजी वीज रीतसर विक्रीला निघाली, आणि पंधरवड्याच्या आत दिवाळी आली. मुंबईच्या कितीतरी आकाशकंदिलांत त्या वर्षी अणूची वीज होती. कुणाला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. विजेवर नाव लिहिलेले नसते.

१८ मे १९७४ रोजी आपण पोखरणला स्फोट केला. त्यासाठीचे प्लुटोनियम तुर्भ्याच्या दुसऱ्या भट्टीतले. ती भट्टी कॅनडाने शांततेच्या कामासाठी दिलेली. आपल्या सरकारने या स्फोटालाही शांततामयच म्हटले. मला ते तेव्हा कळण्याचा प्रश्न नव्हता, आज वाचताना थोडे अवघडल्यासारखे होते. विजेचे समर्थन करताना बाँबची गोष्ट दाराआड ठेवणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. दोन्ही एकाच घरातली भावंडे आहेत.

परिणाम तारापूरला भोगावे लागले. अमेरिकेने इंधन अडवायला सुरुवात केली. १९७८ साली तिथे नवा कायदा झाला. १९८० साली अडतीस टनांचा एक हप्ता तिथल्या सिनेटात ४८ विरुद्ध ४६ मतांनी कसाबसा सुटला. दोन मते इकडची तिकडे झाली असती, तर आमच्या डोक्यावरच्या तारांचे गुणगुणणे थांबले असते! अखेर १९८२ साली फ्रान्सने इंधन द्यावे असे ठरले. पुढेही विघ्ने आलीच. पण त्याच काळात आपल्या लोकांनी जळून गेलेल्या इंधनातले प्लुटोनियम वेगळे करून, युरेनियमात मिसळून, त्या अमेरिकन भट्टीत जाळून दाखवले. तिकडे राजस्थानात कॅनडाचे लोक दुसरा संच अर्धा टाकून निघून गेले होते. तो आपल्या इंजिनियरांनी पुरा केला आणि १९८१ साली चालू केला. १९८४ साली कल्पक्कमला पहिला संच सुरू झाला, तो आपल्याच माणसांच्या हातचा.

भाभांच्या १९४४ च्या पत्रातले वाक्य इथे खरे ठरले. त्यांनी स्वस्त वीज होईल असे पत्रात लिहिले नव्हते. घरचे तज्ज्ञ तयार असतील असे लिहिले होते. ते होते. वाणसामान देणाऱ्याने दुकान बंद केले तेव्हा घरात स्वयंपाक येणारी माणसे होती, म्हणून घर उपाशी राहिले नाही. त्या मुलीला माझे उत्तर हेच, आणि यावर मी ठाम आहे: विजेच्या दरासाठी गरीब देशाने हे काम काढायला नको होते, परक्याच्या मर्जीवर दिवा लावायला लागू नये म्हणून काढले, ते बरोबर केले. तारापूरच्या त्याच किनाऱ्यावर २००५ आणि २००६ साली आणखी दोन संच उभे राहिले, ५४० मेगावॅटचा एकेक, साध्या युरेनियमवर चालणारे, आराखड्यापासून आपले. जुन्या दोन संचांची क्षमता उतरत उतरत प्रत्येकी १६० वर आली होती, आणि २०२० साली त्यांना मोठ्या दुरुस्तीसाठी थांबवले, तोवर ते जगातल्या सर्वांत म्हाताऱ्या चालत्या भट्ट्यांत गणले जात.

पण जमाखर्चाची वही अर्धीच दाखवली तर अण्णा वरून रागावतील. १९६२ साली भाभांनी सांगितले होते, १९८७ पर्यंत वीस-पंचवीस हजार मेगावॅट. १९८७ साली दीड हजारही नव्हती. १९६९ साली अणुऊर्जा आयोगाने भाकीत केले, २००० सालापर्यंत ४३,५००. झाली २,७२०. असे अंदाज कुणी वाणी करील तर त्याचे दुकान उठेल. इथे आकडा चुकला की पुढचा आकडा मोठा होतो. चेर्नोबिल १९८६ साली झाले, फुकुशिमा २०११ साली. फुकुशिमाची पहिली भट्टी तारापूरच्याच कंपनीची आणि जातीने भाऊबंद. ती बातमी आली त्या आठवड्यात आमच्या स्टाफरूममध्ये कुणी मोठ्याने बोलत नव्हते. आणि नव्या दोन संचांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही दोन गावे उठली. समुद्रावर पोट असलेल्या माणसांना समुद्रापासून दूर घरे मिळाली. त्या मुलांतली काही माझ्या वर्गात होती. चित्र काढायला सांगितले, की होडी काढीत.

माझी थोरली बहीण मात्र दुसरी बाजू मांडते. तिचे सासर कोळशाच्या एका वीजकेंद्राच्या वाऱ्याला आहे. ती म्हणते, "तुमच्या तारापूरची भीती वाटते म्हणतोस; भीतीच वाटते ना? आमच्याकडे वाळत घातलेली धुणी काळी होतात, पोरांचा खोकला वर्षभर जात नाही, आणि त्याची बातमी कधीच येत नाही." यावर मी काय बोलणार? तिच्या अंगणातल्या तुळशीची पाने मी बोटाने पुसून पाहिली आहेत.

गेल्या हिवाळ्यात मुलांना चिंचणीच्या किनाऱ्यावर नेले होते. ओहोटी होती. दूर दक्षिणेकडे धुरकटात केंद्राची जागा दाखवून मी म्हटले, बसा आणि काढा. सगळ्यांनी घुमट काढले, धुराडे काढले, एकाने तर आत निळी अप्सरा नाचताना काढली. प्रश्न विचारणारी ती मुलगी आता अकरावीत, आपण होऊन आली होती. तिच्या कागदावर नुसते मनोरे. एकामागून एक, कागदाच्या कडेपर्यंत.

"केंद्र कुठाय गं?" मी विचारले.

"मावलं नाही, सर," ती म्हणाली, आणि खालच्या कोपऱ्यात, तारांच्या अगदी खाली, एक घर काढू लागली.